हात लावू नये

चुगुरेतीतल्या तळघरात, जिथे आधी पावाची भट्टी होती,
तिथे आमचा स्टुडिओ.
भिंतींना अजून धुराचा वास येतो.
बरंच आहे, गुराम म्हणायचा,
आवाज इथे नीट भाजून निघतो.

यंत्रावर त्याचा राग एकाच गोष्टीसाठी:
शून्य ते एकशे सत्तावीस.
"त्रेसष्ट आणि चौसष्टच्या मध्ये काय आहे, सांग."
काही नाही, मी म्हणायचे.
"मला हवंय ते नेमकं तिथेच आहे."
आणि न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून
तो पुन्हा रेकॉर्डचं बटण दाबायचा.

त्या हिवाळ्यात डोंगरातल्या तीन भावांचं गाणं आमच्याकडे होतं.
वरचा सूर, मधला सूर, आणि तळाशी बानी,
जमिनीसारखी, जिच्याकडे कुणी बघत नाही.
मधल्या भावाला शब्दाआधी श्वास घ्यायची सवय,
मोठा, जवळजवळ शिंकेसारखा.
गुराम फेडरवर दोन बोटं ठेवून बसे
आणि आवाज वर नेई,
झोपलेल्याला न उठवता
पांघरूण सारखं करावं, तसा.

मग एके दिवशी पडद्यावर ती रेघ दिसली.
एरवी टेकडीसारखी चढणारी,
आज करवतीच्या पात्यासारखी:
एका सेकंदात चाळीस ठिपके.
मी आधी केबल बदलली.
मग ड्रायव्हर.
मग माझ्या घरचा कंट्रोलर आणून जोडला,
एक नॉब तुटलेला, बाकी ठणठणीत.
करवत तशीच.
तो मागे बसून बघत होता,
उजवा हात मांडीखाली दाबून.

"केबल नाही, खातुना."

त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही.
सुचलं ते चुकीचं.
राहू दे ना, म्हणाले,
कंप आहे म्हणून तर जिवंत वाटतं.
तो असा हसला
की मला खुर्ची सरकवून उठावंसं वाटलं.
"हा कंप माझा नाही, आजाराचा आहे.
गाण्यात त्याने काय केलंय
की त्याला जागा द्यायची?
पूस."

मी ठिपके निवडले. विरळ कर, सांगितलं सॉफ्टवेअरला.
चाळिसाचे चार झाले.
रेघ इस्त्री केल्यासारखी.
आणि तेवढ्यात मी आगाऊपणा केला:
चढ वेळेवर सुरू व्हावा, श्वासाच्या आधी,
म्हणून पहिला ठिपका जरासा डावीकडे ओढला.

"तो नाही," तो म्हणाला.
"तो उशीर माझा आहे.
श्वास होऊन जाऊ दे, मग वर ने.
हवा घेणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये."

वसंतात तो बहिणीकडे बातुमीला गेला.
जाताना हेडफोन ठेवून गेला,
कानाच्या गाद्या झिजलेले,
आणि खिडकीतल्या मिरचीच्या रोपाला
किती पाणी घालायचं त्याची चिठ्ठी. थोडंच.

आता रात्री मी ते गाणं लावते,
शेवटचं तपासायला म्हणून.
तीनदा तपासून झालंय.
टेबलावरचे फेडर आपले आपण हलतात,
आत मोटरी आहेत, बारीक घुर्र ऐकू येते.
बानी स्थिर.
वरचा सूर थोडा उतरतो.
मधला भाऊ श्वास घेतो.
फेडर थांबलेला.
श्वास संपतो.
मग तो उठतो, जराही न थरथरता,
उशिरा.

यंत्राचा नियम असा
की चालत्या फेडरला बोट लागलं
तर जुनी रेघ पुसते
आणि लावणाऱ्याची लिहिली जाते.
हे बंद करता येतं. मेनूमध्ये आहे, दोन क्लिकचं काम.
मी ते केलेलं नाही.
गाणं संपेपर्यंत
उजवा हात मांडीखाली दाबून बसते.